आमसूल आणि अठ्ठेचाळीस उंदीर

आजोबांच्या प्रयोगशाळेत अठ्ठेचाळीस उंदीर होते आणि त्यांतला कोणता उंदीर काय खातो, हे खुद्द आजोबांनाच माहीत नव्हतं!

निहिराला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला वाटलं, आजोबा आपली गंमत करताहेत. डॉ. अभिजित तेंडोलकर म्हणजे तळकोकणातल्या कातळवाडी संशोधन केंद्राचे प्रमुख. प्रयोग त्यांचा. उंदरांना काय खायला घालायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. आणि विचारलं तर म्हणाले, "कुणास ठाऊक!"

उंदरांच्या खोलीत पिंजऱ्यांच्या चार रांगा होत्या. एका रांगेला लाल पट्टी, दुसरीला निळी, तिसरीला पिवळी, चौथीला पांढरी. रोज सकाळी नेमू नावाचा यंत्रमानव प्रत्येक पिंजऱ्यात खाण्याच्या वड्या ठेवून जायचा. नेमू उंचीला निहिराएवढाच होता. त्याला पाय नव्हते, चाकं होती. त्याचे हात मात्र इतके हलके होते की झोपलेल्या उंदराखालचं गवत बदललं तरी उंदराला जाग येत नसे.

"नेमू, पिवळ्या रांगेला काय घातलंस?" निहिराने विचारलं.

"वड्या, निहिराताई."

"कसल्या?"

"लालसर. आंबट."

"आमसुलाच्या आहेत का?"

"चारही रांगांच्या वड्या लालसर आणि आंबटच आहेत. त्यापुढचं सांगायला मनाई आहे."

"मनाई केली कुणी?"

"आजोबांनी."

"अरे, पण त्यांनाच माहीत नाही!"

"त्यांना सांगायचीच तर मनाई केली आहे त्यांनी," असं म्हणून नेमू चाकांवर गर्रकन वळला आणि पाण्याच्या बाटल्या धुवायला निघून गेला.

निहिरा तिथेच पिवळ्या रांगेपाशी उभी राहिली. या रांगेत तिचा लाडका उंदीर होता. त्याच्या डाव्या कानाला जन्मतःच एक बारीक खाच होती, म्हणून तिने त्याचं नाव कान्या ठेवलं होतं. कान्या मागच्या पायांवर उभा राहून तिच्याकडे बघत मिशा हलवत होता. किती तरतरीत दिसतोय हा, निहिराच्या मनात आलं. नक्कीच आमसूल खाणारा असणार!

आणि तसं असलं तर आईला काही होणार नाही.

निहिराची आई, डॉ. सई, मंगळावर गेली होती. तिथल्या खडकांचा अभ्यास आटोपून ती आणि तिचे पाच सहकारी 'भरारी' नावाच्या यानातून पृथ्वीकडे परत निघाले होते. बाबा बंगळुरूला, या मोहिमेच्या नियंत्रण कक्षात. घरी यायला त्यांना क्वचितच जमायचं. त्यामुळे आई गेल्यापासून निहिरा आजोबांकडेच, केंद्राच्या आवारातल्या घरात राहत होती. आई गेली तेव्हा ती तिसरीत होती. आता सहावीत जाणार होती. शाळेचा गणवेश दोनदा बदलला होता, पुढचे दात येऊन जुने झाले होते आणि आईच्या हाताचा वास कसा होता, हे आठवायला आता डोळे घट्ट मिटून घ्यावे लागत होते. कधीकधी तरीही आठवत नसे. मग ती आईच्या कपाटातली एखादी ओढणी नाकाशी धरायची. पण ओढणीला आता फक्त कपाटाचा वास यायचा.

"आजोबा, आई आत्ता कुठे आहे?" हा तिचा रोजचा प्रश्न. आजोबा घड्याळ बघत, मनाशी काहीतरी हिशेब करत आणि बोट दाखवत. कधी ते बोट आंब्याच्या शेंड्याकडे असायचं, कधी समोरच्या डोंगराकडे. एकदा तर त्यांनी थेट अंगणातल्या जमिनीकडे बोट केलं.

"खाली?"

"हो तर! पृथ्वी फिरत असते ना. या वेळी तुझी आई आपल्या पायांखालच्या दिशेला आहे. सगळी पृथ्वी ओलांडून, त्याच्याही पुष्कळ पुष्कळ पलीकडे."

त्या दिवशी निहिरा बराच वेळ मान खाली घालून बसली होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, मुलीचं काहीतरी हरवलंय.

मे महिना होता. अंगणातल्या कोकमाच्या तिन्ही झाडांना रातांबे लागले होते. दुपारची जेवणं झाल्यावर आजोबा आणि निहिरा पडवीत बसून रातांबे फोडायचे. आतल्या बिया वेगळ्या काढायच्या, साली उन्हात पसरायच्या, रसात भिजवून पुन्हा वाळवायच्या. अशा वाळवलेल्या सालीला आमसूल म्हणतात. निहिराचे हात मनगटापर्यंत लालभडक झाले होते.

"आजोबा, आईला तिकडे धोका आहे म्हणजे नक्की कसला? मला नीट सांगा. मी आता लहान नाही."

आजोबांनी हातातला रातांबा खाली ठेवला.

"अवकाशात विश्वकिरण असतात," ते म्हणाले. विश्वकिरण म्हणजे दूरच्या ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेले, प्रचंड वेगाने धावणारे सूक्ष्म कण. "आपल्याभोवती हवेची जाड दुलई आहे, शिवाय पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना बाजूला वळवतं. म्हणून आपल्याला त्यांचा फारसा त्रास नाही. यानाला मात्र फक्त त्याच्या भिंती. त्या भिंतींत पाणी भरलेलं आहे, ते पुष्कळ किरण अडवतं. तरीही थोडे आत शिरतातच."

"आणि मग?"

"तू जत्रेला देवळात गेलीस आणि बाहेर येऊन बघतेस तर तुझी एक चप्पल गायब. काय करशील?"

"शोधीन."

"सापडली नाही. ऊन रणरणतंय, पाय भाजताहेत."

निहिरा हसली. "मग... दुसऱ्या कुणाची तरी घालीन."

"घातलीस. आता ज्याची चप्पल गेली, तो बाहेर आला. त्याने तिसऱ्याची घेतली. तिसऱ्याने चौथ्याची. थोड्या वेळात देवळाबाहेर नुसता गोंधळ! शरीरात असंच होतं. आपल्या पेशींमध्ये पाणी असतं. किरण त्या पाण्यावर आदळला की पाण्याच्या रेणूचे तुकडे होतात. त्या तुकड्यांना मुक्त मूलक म्हणतात (जोडीतला एक इलेक्ट्रॉन हरवलेले, म्हणून भेटेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेणारे कण). एकाची चप्पल दुसऱ्याने, दुसऱ्याची तिसऱ्याने, असं करत करत हा गोंधळ डीएनएपर्यंत पोचला (पेशीच्या आतली लांबलचक साखळी, शरीर कसं घडवायचं याच्या सूचना तिच्यात असतात), तर ती साखळी तुटू शकते. शरीर ती पुन्हा जोडतं. पण फार ठिकाणी तुटली, चुकीची जोडली गेली, तर माणूस आजारी पडतो."

"आणि आमसूल काय करतं?"

"आमसुलात हा जो रंग आहे ना, तुझ्या बोटांना लागलेला, त्यातले काही रेणू भले गृहस्थ आहेत. ते म्हणतात, घे बाबा, माझी चप्पल घे, मी अनवाणी जातो, माझी काही तक्रार नाही. झाला, गोंधळ तिथेच थांबला! इलेक्ट्रॉन देऊनही ते शांत राहतात. झाड हे रंग आपल्यासाठी बनवत नाही हं. आपलं फळ उन्हापासून, किडीपासून वाचवायला बनवतं. आपण आयते लाभार्थी."

निहिराने लाल बोटांकडे पाहिलं. तिचा चेहरा उजळला. "आईने जाताना आमसुलं नेली होती! मग तिला काहीच होणार नाही, हो ना?"

आजोबांनी समोरच्या बिया बाजूला सारल्या. त्यांनी पुन्हा एक रातांबा उचलला आणि फोडायच्या आधी बराच वेळ हातात फिरवत राहिले.

"परीक्षानळीत आमसूल गोंधळ थांबवतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," ते म्हणाले. "पण परीक्षानळीला पोट नसतं, निहू. पोटात गेल्यावर आमसूल पचतं, त्याचे तुकडे होतात, किती रक्तात उतरतं, किती तसंच बाहेर पडतं, काही सांगता येत नाही. म्हणून तर हे उंदीर. चार रांगांतल्या एका रांगेला नेहमीचंच खाणं. त्याला म्हणतात नियंत्रण गट (ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची तो गट). उरलेल्या तीन रांगांना आमसुलाचा अर्क. एका रांगेला थोडा, दुसरीला मध्यम, तिसरीला भरपूर. सगळ्या वड्या सारख्याच रंगाच्या, सारख्याच आंबट. आणि कुठल्या रांगेला काय, हे फक्त नेमूला ठाऊक."

"पण तुम्हाला का नको ठाऊक?"

आजोबांनी नुसतीच मान हलवली. "सांगेन कधीतरी."

दोन दिवसांनी उंदरांना मागच्या बंद खोलीत नेऊन त्यांच्यावर किरण सोडले. त्या दिवशी निहिराला केंद्रात येऊ दिलं नाही. संध्याकाळी आजोबा घरी आले. चहा पिता पिता ते म्हणाले, "प्राण्यांवरच्या प्रयोगांना समितीची परवानगी घेतलेली असते, वेदना कमीत कमी व्हाव्यात म्हणून सगळी काळजी घेतो. तरीही, निहू, आपण त्यांना न विचारता त्यांच्याकडून फार मोठी गोष्ट मागतो. म्हणून प्रयोग आळसाने करायचा नाही. एकाही उंदराचं सोसणं फुकट जाता कामा नये."

निहिराला त्या रात्री कान्याची आठवण येत राहिली. सकाळी धावत जाऊन तिने पाहिलं, तर तो कोपऱ्यात अंग मुडपून बसला होता. तिची चाहूल लागताच त्याने डोकं वर केलं. "बघ नेमू, किती छान आहे तो!" ती म्हणाली. नेमूने पिंजऱ्यातली पाण्याची बाटली बदलली.

पुढच्या आठवड्यात बाबांचा फोन आला. भरारी यानाला वाटेत गाठायला एक रसदयान निघणार होतं. त्यात माणूस नसणार, फक्त औषधं, अन्न आणि सुटे भाग. प्रत्येक प्रवाशाच्या घरच्यांना त्यात एक छोटी पिशवी ठेवायची मुभा होती. तळहातावर मावेल एवढीच. शिवाय मोहिमेच्या वैद्यकीय समितीने आजोबांना विचारलं होतं: आमसुलाचा अर्क सगळ्या प्रवाशांना रोज द्यायचा म्हटलं, तर तुमचं मत काय? तो ठेवायचा तर तेवढ्या वजनाची दुसरी औषधं कमी करावी लागतील.

"हो म्हणा, आजोबा! आत्ताच्या आत्ता हो म्हणा!" निहिरा उड्या मारायलाच लागली.

"निकाल आलेला नाही, बाळा."

"पण तुम्हाला माहीतेय ना, आमसूल चांगलं असतं!"

"मला तसं वाटतं. वाटणं आणि माहीत असणं यांत फरक आहे."

"मग निकाल आत्ताच बघा. नेमूला विचारा!"

"रक्ताचे सगळे नमुने मोजून व्हायचे आहेत. मोजणी पुरी व्हायच्या आत मी विचारणार नाही."

निहिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला आईची काळजीच नाही! तुम्हाला नुसता तुमचा प्रयोग हवाय!"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कसंतरी झालं. आजोबा उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ तिच्याकडे होती.

"ती माझी मुलगी आहे, निहू," ते हळूच म्हणाले. "तू विचारतेस ना, मला का नको ठाऊक? ऐक. मी सूक्ष्मदर्शकातून एखादी पेशी बघतो. तिच्यातली साखळी तुटलीय की नाही, अगदी काठावरचं असतं. हा उंदीर आमसूल खाणारा आहे हे मला ठाऊक असेल, तर मी म्हणेन, छे, ही काही तुटलेली नाही. मी खोटं बोलणार नाही. मला खरोखरच तसं दिसेल. कारण माझी मुलगी तिकडे आहे आणि मला ते तसंच दिसायला हवंय. ज्याला उत्तर सगळ्यांत जास्त हवं असतं ना, त्याच्या डोळ्यांवर सगळ्यांत कमी भरवसा ठेवायचा असतो. म्हणून मी माझेच डोळे बांधून घेतले."

निहिराला ते कळलं. पण कळूनही मन मानेना. रसदयान काही निकालासाठी थांबणार नव्हतं. आणि पिशवीत काय ठेवायचं, हे आजोबांनी तिच्यावरच सोपवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती अर्क वाळवण्याच्या खोलीत गेली. नेमू तिथे वड्या थापत होता.

"नेमू, यातली सगळ्यांत जोरदार पूड कुठली?"

"उजवीकडच्या डब्यातली. एक चमचा पूड म्हणजे साठ आमसुलं. ही माहिती गुप्त नाही."

नेमू वड्या भाजायला आत गेला. निहिराने डबा उघडला. गडद तपकिरी पूड, नाकाला झोंबणारा आंबट वास. तिने चार चमचे पूड पिशवीत भरली, चिठ्ठीवर 'आई, रोज थोडं खा' असं लिहिलं आणि पिशवी शिवून टाकली. थोडं चांगलं असेल, तर जास्त आणखी चांगलं असणार. यात चुकण्यासारखं काय आहे? तिला मनातून फार फार बरं वाटत होतं. किती महिन्यांनी आईसाठी काहीतरी करायला मिळालं होतं.

निकालाचा दिवस उजाडला. योगायोग असा, की पिशवी न्यायला केंद्राची गाडीही त्याच सकाळी यायची होती. मोजणी आदल्या दिवशीच पुरी झाली होती; आजोबांनी मोजलेल्या नमुन्यांवर नुसते क्रमांक होते, कुठला क्रमांक कुठल्या रांगेचा हे नेमूलाच ठाऊक होतं. आजोबा प्रयोगशाळेतल्या लाकडी स्टुलावर बसले, शेजारी निहिरा. समोर नेमू.

"सांगण्याआधी तुझा अंदाज," आजोबा म्हणाले. "आमसूल खाणारे कुठले?"

"पिवळे. मला पक्की खात्री आहे. सगळ्यांत तरतरीत तेच आहेत."

"मला वाटतं, निळे. मला ते तुकतुकीत दिसतात." आजोबांनी चष्मा पुसला. "हं, नेमू. सांग."

"पिवळी रांग," नेमू म्हणाला, "नियंत्रण गट. नेहमीचं खाणं."

निहिराने वळून पाहिलं. कान्या आपला मागच्या पायांवर बसून तोंड पुसत होता. त्याने आमसूल कधी चाखलंच नव्हतं! मग ती रोज जी तरतरी बघत होती, ती कुठून आली होती?

"लाल, थोडी मात्रा. पांढरी, मध्यम. निळी, भरपूर," नेमू पुढे म्हणाला. "आता तुटक्या साखळ्या. पिवळ्या रांगेत शंभर धरल्या, तर लाल रांगेत नव्वद. पांढऱ्या रांगेत साठ. निळ्या रांगेत बासष्ट."

"साठ!" आजोबा उठूनच उभे राहिले. "निहू, ऐकलंस? शंभरावरून साठ!"

निहिराने त्यांना कडकडून मिठी मारली. खरंच होतं तर! भले गृहस्थ पोटातूनही आपलं काम करत होते.

"माझं सांगून झालेलं नाही," नेमू म्हणाला. "निळ्या रांगेतल्या उंदरांची वजनं घटली आहेत. बारापैकी नऊ उंदरांच्या यकृताला सूज आहे. पांढऱ्या रांगेत अशी सूज नाही."

आजोबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. ते खाली बसले. "म्हणजे भरपूर मात्रेने किरणांपासूनचा बचाव वाढला नाहीच, उलट यकृताला इजा झाली. आणि मला हेच उंदीर तुकतुकीत दिसत होते!" त्यांनी मान हलवली. "यकृत म्हणजे शरीराचं गाळण आणि स्वयंपाकघर, दोन्ही. नको ते बाहेर काढायचं काम त्याचंच. एकाच वेळी इतका अर्क आला की ते दमून जातं. फळ खाणं वेगळं आणि फळातली एकच गोष्ट काढून, आटवून, मूठमूठ देणं वेगळं..."

निहिराला पुढचं ऐकू येईनासं झालं. चार चमचे. एक चमचा म्हणजे साठ आमसुलं. रोज थोडं खा.

बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

"आजोबा, पिशवी!"

"गाडीवाल्या परबकाकांना दिली मघाशीच. पडवीतच होती ना, निघालेसुद्धा ते."

निहिरा दारातून बाहेर सुटली. गाडी फाटकाबाहेर पडून उताराला लागली होती, मागे लाल धुरळा उठत होता. क्षणभर तिच्या मनात आलं, कुणाला काय कळतंय? पिशवी गेली नाही तर आईला आपल्याकडचं काहीच मिळणार नाही. रसदयान पुन्हा जायचं नाही. आई पिशवी शोधेल आणि बाकी पाचजणांच्या हातात पिशव्या असतील.

"परबकाका!" ती जिवाच्या आकांताने ओरडली आणि अनवाणीच धावत सुटली. "काका, थांबा! थांबा!"

दगडांनी पाय सोलले. गाडी वळणापाशी गेली, दिसेनाशी झाली आणि मग ब्रेक लागल्याचा आवाज आला. परबकाकांनी आरशात धुरळ्यातून धावणारी मुलगी पाहिली होती.

आजोबा धापा टाकत तिथे पोचले, तोवर निहिरा रडत रडत पिशवीची शिवण उसवत होती. तपकिरी पूड गाडीच्या बॉनेटवर सांडली. आजोबांनी चिमूटभर उचलून वास घेतला. त्यांना सगळं कळलं.

"मला वाटलं, जास्त दिलं की जास्त वाचेल ती," निहिरा हुंदके देत म्हणाली.

परबकाका रस्त्याच्या कडेला जाऊन उगीचच दूरच्या झाडांकडे बघत उभे राहिले. आजोबा बांधावर बसले. त्यांनी तिला जवळ ओढून घेतलं. रागावले मात्र नाहीत.

"गेल्या आठवड्यात मीही तो डबा हातात घेतला होता," ते म्हणाले. "झाकणही उघडलं होतं."

निहिराने वर पाहिलं. "तुम्ही?"

"हो, मी. इतकी वर्षं संशोधन करणारा मी. मग ठेवून दिला परत. पण खूप वेळ लागला ठेवायला." त्यांनी तिच्या पायांवरची माती झटकली. "इतक्या लांबच्या माणसाला काहीतरी द्यावंसं वाटतं, म्हणून हात शिवशिवतात. त्यात वाईट काही नाही. फक्त त्या वाटण्याला औषध म्हणायचं नाही."

"आता समितीला काय सांगणार?"

"खरं ते. उंदरांमध्ये मध्यम मात्रेने तूटफूट कमी झाली. आनंदाची गोष्ट आहे. पण उंदीर आपल्या बोटाएवढा. त्याचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं, खाल्लेलं तो भराभर जाळतो, आयुष्य दोन-तीन वर्षांचं. त्याची मध्यम मात्रा माणसाला किती, हे कुणालाच ठाऊक नाही. ज्या औषधांचा उपयोग माणसांत पारखून झालाय, ती काढून याला जागा द्या, असं मी म्हणणार नाही. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळेने हाच प्रयोग करून बघायला हवा. तिथेही हेच दिसलं, तर स्वखुशीने पुढे येणारी माणसं, अगदी कमी मात्रेपासून. वेळ लागेल."

"म्हणजे आईला याचा उपयोग नाही."

"या खेपेला नाही," आजोबा म्हणाले. "तिच्यानंतर जे जातील, त्यांना कदाचित होईल."

निहिराने रिकामी पिशवी उलटी करून झटकली. मग तिने विचारलं, "मग पिशवीत काय ठेवू?"

"खाऊ ठेव. कोकणातल्या माणसाने आमटीत घातली, तर जेवढी आमसुलं घालेल तेवढीच."

परबकाका वळून पोरीला म्हणाले, "पाच-दहा मिनटां थांबतंय मी, चेडवा. जा, घेवन ये."

संपर्काची वेळ महिन्यातून एकदाच मिळे. ती रसदयान सुटल्यानंतरच्या रविवारी आली. मोठ्या पडद्यासमोर निहिरा आणि आजोबा बसले. भरारी यान अजून इतकं लांब होतं, की प्रकाशाच्या वेगाने निघालेला आवाजही तिकडे पोचायला सहा मिनिटं लागत आणि उत्तर यायला आणखी सहा. प्रश्न विचारायचा आणि बारा मिनिटं बसून राहायचं. म्हणून दोन्हीकडची माणसं एकमेकांसाठी न थांबता एकाच वेळी बोलायला लागत.

निहिराने सगळं सांगितलं. पिवळी रांग, कान्या, साठ, बासष्ट, चार चमचे. काहीच लपवलं नाही. "आता दुसरीकडे तोच प्रयोग होणार आहे, आई. तिथल्या उंदरांची नावं मी ठेवणार नाही. नाव ठेवलं की मला ते तरतरीतच दिसतात. आणि मोठी झाले की माणसांवरचा प्रयोग मी करीन. तेव्हा माझेही डोळे बांधलेले असतील." ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. "आई, तू बरी आहेस ना?"

तेवढ्यात पडद्यावर आई दिसली. केस मोकळे, हवेत तरंगणारे. निहिराला वाटलं होतं त्यापेक्षा ती जरा बारीक दिसत होती. हे चित्र सहा मिनिटांपूर्वीच तिकडून निघालेलं होतं. निहिराचा एकही शब्द अजून आईपर्यंत पोचलेला नव्हता.

"निहू," आई म्हणाली, "मी इथे खिडकीशी बसलेय. तू आता बोलायला लागली असशील. काय सांगत असशील बरं? मला अजून ऐकू आलेलं नाही. पण तुझा आवाज निघालाय आणि माझ्याकडेच येतोय, एवढं मला माहीत आहे. मी काही बोलत नाही आता. नुसती ऐकायला बसते."

आई खरंच गप्प बसली, मान किंचित कलती करून. निहिराही गप्प बसली. आजोबांनी तिचा हात हातात घेतला.

"पुढच्या संपर्काच्या वेळी पाचच मिनिटं लागतील पोचायला," ते हळूच म्हणाले. "त्याच्या पुढच्या वेळी चार."

पडद्यावर आई वाट बघत होती आणि पडद्यासमोर निहिरा. मधल्या अफाट काळोखातून निहिराचे शब्द एकामागून एक आईकडे चालले होते. आणि आई स्वतःही, दर सेकंदाला कितीतरी मैल, त्यांच्या दिशेने येत होती.